पोथी कुणाच्या हातात

कोगनोळीचं नाव घेतलं की महामार्गावरून जाणाऱ्याला टोलनाका आठवतो आणि वर्तमानपत्र वाचणाऱ्याला सीमाप्रश्न. पुणे-बंगळूर रस्त्यावर कागल मागे पडतं, दूधगंगेचा पूल येतो आणि पाट्यांवरची लिपी बदलते. करोनाच्या काळात इथंच गाड्या अडवून चाचणीचे कागद तपासले जात. मोर्चे, मेळावे, बंदोबस्त यांच्या बातम्यांतून हे गाव सगळीकडे पोचलं. पण महामार्ग सोडून आत वळलं की आप्पाचीवाडी आणि कुर्ली ही गावं लागतात. तिथं हालसिद्धनाथांची यात्रा भरते आणि त्या यात्रेला राज्याची हद्द ठाऊक नसते. कोल्हापूरकडची, बेळगावकडची, कोकणातली, गोव्यातली माणसं येतात. ढोल घुमतात, कैताळं झणझणतात, भंडाऱ्यानं डोकी-खांदे पिवळे होतात, धनगर मंडळी हेडाम खेळतात. आणि मग भाकणूक होते. पाऊस कसा लागेल, पिकाचं काय, रोगराई कुठून येईल, राज्यकर्त्यांचं काय होईल, हे सगळं लयीत, नाथांच्या नावानं सांगितलं जातं. लोक कान देऊन ऐकतात आणि दुसऱ्या दिवशी ती वर्तमानपत्रात छापून येते.

या भाकणुकीचं संग्रहालय करायचं ठरवलं तर त्यात काय ठेवता येईल? ढोल ठेवता येईल, कैताळांची जोडी ठेवता येईल, घोंगडं, काठी आणि भंडाऱ्याची पिशवीही. खाली पाटी लिहिता येईल : धनगरी वाद्य, सीमाभाग, विसावं शतक. पण ढोलाला चामडं कुणी चढवलं, तो कुठल्या देवळापुढं किती पिढ्या वाजला, कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेला, हे त्या पाटीवर येणार नाही. आणि भाकणूक तर काचेच्या कपाटात मावणारच नाही. लोककलेच्या आणि आदिवासी कलेच्या अभिरक्षकाचं सगळं आयुष्य या अडचणीशी झगडण्यात जातं. सरकारी मराठीत त्याला अभिरक्षक म्हणतात. बोलताना आपण सरळ क्युरेटर म्हणतो.

आपल्याकडे या व्यवसायाची रूढ वाट अशी : कला, इतिहास किंवा पुरातत्त्व घेऊन पदवी, मग संग्रहालयशास्त्र. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात हा विषय १९५२ पासून शिकवला जातो. पुढं एखाद्या संग्रहालयात साहाय्यक म्हणून नेमणूक. आलेल्या वस्तूला दाखल क्रमांक द्यायचा, मोजमाप लिहायचं, कुठं चिरा, कुठं डाग, कुठं कसर लागली याची नोंद करायची, प्रकाश आणि ओल सांभाळायची. कागदावरच्या चित्राला पन्नास लक्सपेक्षा जास्त उजेड सोसत नाही, हे पहिल्याच वर्षी शिकवतात. ही सगळी विद्या मोलाची आहे. ती नसती तर आपल्या कितीतरी वस्तू वाळवीनं खाल्ल्या असत्या. पण ही वाट वस्तूपासून सुरू होते. आदिवासी कलेचा खरा क्युरेटर माणसापासून सुरू होतो, असं माझं मत आहे, आणि ते ज्याच्यामुळं पक्कं झालं तो माणूस या रूढ वाटेनं गेलेला नाही. त्याचं गाव आमच्या भागातून घाट उतरलं की येतं.

निपाणीहून मुधाळ तिट्टा, राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाटानं कोकणात उतरणारा देवगडचा रस्ता जुना आहे. दुसरी वाट आजऱ्यावरून आंबोली घाटाची. ती सावंतवाडीला उतरते. दोन्हींच्या मध्ये कुडाळ आणि कुडाळला लागून पिंगुळी. राऊळ महाराजांच्या मठामुळं हे नाव भाविकांना ठाऊक आहे. याच पिंगुळीच्या गुढीपूर भागात ठाकर आदिवासी समाजाची वस्ती आहे. चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ, पांगुळ, राधानृत्य अशा अकरा लोककला या एका समाजानं सांभाळल्या, असं ही मंडळी अभिमानानं सांगतात. सावंतवाडीच्या सावंत-भोसल्यांच्या संस्थानाचा त्यांना आश्रय होता. ठरावीक गावांतल्या देवळांत, ठरावीक दिवसांत खेळ करायचे आणि त्याबदल्यात धान्य, पैसा, मान घ्यायचा.

परशुराम आत्माराम गंगावणे याच समाजातले. खेळ करणारा म्हणूनच त्यांनी आयुष्य काढलं. संस्थान गेलं, सिनेमा आला, मग टीव्ही आला. खेळ मागणारी देवळं कमी झाली. ज्या कलेला राजानं मान दिला, ती घेऊन दारोदार जाणं म्हणजे भीक मागणं, असं लोक म्हणू लागले. पोरांना लाज वाटू लागली. पोथ्या माळ्यावर गेल्या. काही विकल्या गेल्या, काही उंदरांनी कुरतडल्या. अशा वेळी गंगावण्यांनी आपल्या गुरांच्या गोठ्यात संग्रहालय उभं केलं. २००६ साली ठाकर आदिवासी कला आंगण या नावानं ते सुरू झालं. भिंतीवर चित्रकथीची चित्रं, टांगलेल्या लाकडी बाहुल्या, चामड्याच्या आकृत्या, वाद्यं. आणि त्याच जागेत खेळ. पाहायला आलेल्या माणसासमोर बाहुली खाली उतरवायची, दोऱ्या बोटांत घ्यायच्या आणि ती चालवून दाखवायची. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मुलगे चेतन आणि एकनाथ हेच काम पुढं नेतात : खेळ करतात, शिकवतात, नवी चित्रं रंगवतात.

चित्रकथी म्हणजे नेमकं काय, हे इथं सविस्तर सांगायला हवं, कारण संग्रहालयाच्या भिंतीवर तिचं एकच पान दिसतं आणि एका पानावरून तिचं स्वरूप कळत नाही. साधारण वीतभर-दीड वीत आकाराच्या कागदावर एक प्रसंग रंगवलेला असतो. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवतात, म्हणजे एक पान होतं. रामायणातला किंवा महाभारतातला एक भाग पुरा व्हायला अशी कितीतरी पानं लागतात. त्या गठ्ठ्याला पोथी म्हणायचं. कथेकरी खाली बसतो, पोथी समोर उभी धरतो, वीणा आणि हुडुक घेऊन साथीदार शेजारी. एक चित्र दाखवायचं, त्यातली कथा गायची, बोलायची, पात्रांचे आवाज काढायचे. मग पान पालटायचं. चित्रातल्या माणसांचे डोळे मोठे, चेहरे बाजूनं रंगवलेले, पार्श्वभूमी बहुधा रिकामी. हे सगळं मागच्या रांगेतल्या माणसाला दिव्याच्या उजेडात दिसावं म्हणून. एकेक चित्र भिंतीवर टांगून, नीट प्रकाश टाकून पाहिलं की ते सुंदर दिसतं, यात शंका नाही. पण ज्या गोष्टीसाठी ते काढलं ती गोष्ट तिथं नसते. पुढचं पान कुठं आहे हे पाहणाऱ्याला कळत नाही आणि ज्याला ती कथा तोंडपाठ आहे तो माणूस त्या दालनात नसतो.

आणखी एक गोष्ट आहे, तिचा मला फार विचार करावासा वाटतो. पोथी जीर्ण झाली, फाटली की ती पाण्यात सोडायची, असा रिवाज या परंपरेत सांगितला जातो. पोथी देवाची, तिचा शेवट नदीत. नवी पोथी जुनीवरून उतरवायची आणि कथा चालू ठेवायची. संग्रहालयाचा धर्म याच्या नेमका उलटा : फाटलेलं जपायचं, बदल होऊ द्यायचा नाही. मग जुन्या पोथीचं काय करावं? पाण्यात सोडली तर पुढच्या पिढीला नमुना उरत नाही. काचेत ठेवली तर रिवाज मोडतो. बाहेरून आलेल्या अभिरक्षकाला हा प्रश्न पुस्तकात भेटतो. गंगावण्यांसारख्या घराला तो घरातच सोडवावा लागतो. त्यांनी जुनी चित्रं ठेवली आणि नवी काढून हातात घेतली. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो. जी पोथी दाखवून फाटेल ती नवी असावी. जी जपायची ती शिकण्यासाठी असावी. सिंधुदुर्गातल्या पावसाळ्यात, चार महिने भिंतींना ओल धरत असताना, कागद जपणं किती जिकिरीचं असतं हे ज्यानं कोकणात एखादं जुनं पुस्तक ठेवलंय त्याला वेगळं सांगायला नको. यंत्रांनी हवा कोरडी राखणाऱ्या दालनांना पैसा लागतो. गोठ्यात लागतो तो रोजचा हात : पान उलटणं, झटकणं, वारा देणं. वापरात असलेल्या वस्तूला हे सगळं आपोआप मिळतं.

आता याच चित्रांची दुसरी कहाणी. विसाव्या शतकात पैठणच्या परिसरातून अशा चित्रांचे गठ्ठे संग्राहकांच्या हाती आले आणि ती पैठणी चित्रं म्हणून जगभर गेली. लंडनच्या संग्रहालयांत ती आहेत, पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहेत. १९८० मध्ये अॅना दल्लापिक्कोला या विदुषीनं त्यांच्या शैलीवर जर्मन भाषेत ग्रंथ लिहिला. त्याच सुमारास व्हॅलेंटिना स्टाखे-रोझेन यांनी पिंगुळीच्या कथनपरंपरेवर लिहिलं, म्हणजे चित्राबरोबर ते दाखवणारा माणूसही अभ्यासात आला. परदेशी विद्वानांनी केलेलं हे काम मोठं आहे. तरीही संग्रहालयांत आजही बहुतेक ठिकाणी पाटीवर शैलीचं नाव असतं, शतक असतं, काढणाऱ्याचं नाव नसतं. ते हरवलेलं असतं, कारण विकत घेताना कुणी विचारलेलं नसतं. मधल्या दलालाला विचारण्याचं कारण नव्हतं. घेणाऱ्यानं विचारायला हवं होतं.

केळकरांच्या बाबतीत मात्र मला अधिक हळुवारपणे बोलावंसं वाटतं. दिनकर गंगाधर केळकर पुण्यात चष्म्यांचं दुकान चालवायचे आणि ‘अज्ञातवासी’ या नावानं कविता लिहायचे. तलवारी आणि सिंहासनं गोळा करणाऱ्यांच्या काळात त्यांनी अडकित्ते, समया, वज्र्या, दौती, फण्या, दारांच्या चौकटी, स्वयंपाकघरातली भांडी गोळा केली. खेड्यापाड्यांत फिरून, पदरचे पैसे घालून. राजा हा त्यांचा मुलगा लहानपणीच गेला; त्याच्या नावानं संग्रहालय उभं राहिलं आणि पुढं त्यांनी ते सरकारच्या हवाली केलं. आज तिथं वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. साध्या बाईच्या हातातली फणीसुद्धा कला आहे, हे पुण्याच्या मध्यमवर्गाला या माणसानं शिकवलं. ती फणी कुणी घडवली, हे पुढच्या पिढीनं विचारायचं होतं.

ते विचारणाऱ्यांत एक नाव भास्कर कुळकर्णी. मुंबईच्या विणकर सेवा केंद्रातला हा चित्रकार. बिहारमध्ये १९६६-६७ ला भीषण दुष्काळ पडला, तेव्हा हस्तकलांचं सरकारी काम पाहणाऱ्या पुपुल जयकर यांनी त्यांना मिथिलेत पाठवलं. लग्नाच्या कोहबरात भिंतीवर चित्रं काढणाऱ्या बायकांना कागद द्या, त्यातून चार पैसे मिळतील, असा हेतू. गंगादेवी, सीतादेवी या स्त्रियांची नावं पुढं देशभर झाली त्याची ही सुरुवात. आणि काही वर्षांनी हाच माणूस डहाणूच्या परिसरात वारल्यांच्या घरांत पोचला.

वारली चित्रं आज साडीवर, कपावर, सोसायटीच्या भिंतीवर दिसतात, म्हणून त्यांचं मूळ सांगतो. लग्नाच्या वेळी गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं सुवासिनी चौक काढतात. मधोमध पालघाट देवी. लग्न लावणारी धवलेरी गाते आणि तिच्या गाण्याबरोबर देवता त्या चौकात येते. चित्र लग्नापुरतं असतं. नंतर त्याचं काही खास जतन नाही. कुळकर्णींनी ही चित्रं पाहिली आणि कागद दिला. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांचा हात तिथं वेगळा उठून दिसला. लग्नाच्या विधीबाहेर पडून म्हसे रोजचं जग रंगवू लागले : मासेमारीचं जाळं, तारप्याभोवतीचा नाच, मुंग्यांच्या रांगा, पेरणी. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांची चित्रं लागली, १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८९ साली पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात जगभरच्या कलावंतांचं जे गाजलेलं प्रदर्शन झालं, त्यात ते होते. २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ मध्ये ते गेले.

या कहाणीला एक दुखरी बाजू आहे आणि ती टाळून पुढं जाणं मला पटत नाही. जी चित्रं बायका काढत होत्या, ती कागदावर आली, बाजारात आली, तेव्हा प्रसिद्धी मुख्यतः पुरुषांना मिळाली. म्हसे यांची प्रतिभा अस्सल होती, त्याबद्दल वाद नाही. पण चौक घालणाऱ्या सुवासिनींची, धवलेरींची नावं कुठल्या पाटीवर आहेत? नाव विचारलं तरी ते कुणाचं विचारलं, हा प्रश्न उरतोच. आदिवासी कलेच्या क्युरेटरला दुहेरी सावध राहावं लागतं : समाजाबाहेरच्यांनी पुसलेली नावं लिहायची आणि समाजाच्या आत मागं राहिलेली नावंही.

दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयाचे तेव्हाचे संचालक ज्योतींद्र जैन यांनी १९९८ मध्ये पाच लोक आणि आदिवासी कलावंतांवर ‘अदर मास्टर्स’ हे पुस्तक केलं. त्यात म्हसे होते, गंगादेवी होत्या, गोंड चित्रकार जनगढसिंह श्याम होते. प्रत्येकाचं चरित्र, प्रत्येकाची वळणं, जसं एखाद्या शहरी चित्रकाराबद्दल लिहितात तसं. आज हे साहजिक वाटतं, तेव्हा नव्हतं. आदिवासी कला म्हणजे सगळ्या जमातीची, कुणा एकाची नव्हे, असं म्हणत एकेका कलावंताचं कर्तृत्व बाजूला सारण्याची सवय फार जुनी होती.

संग्रहालयांत त्या त्या समाजाला त्याची जागा देण्याची चळवळ जगात इतरत्रही चालली आहे. अमेरिकेत १९९० मध्ये कायदा झाला आणि मूलनिवासी जमातींचे अस्थिअवशेष, त्यांच्या पूजेच्या वस्तू त्यांना परत करण्याचं बंधन संग्रहालयांवर आलं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानं मूलनिवासी अमेरिकी कलेसाठी पहिली पूर्णवेळ क्युरेटर नेमली ती २०२० मध्ये : पुरेपेचा वंशाच्या पॅट्रिशिया मारोकिन नॉर्बी. दीडशे वर्षांच्या संस्थेला इतका वेळ लागला.

आपल्याकडे याचं एक उदाहरण गुजरातेत आहे आणि ते उभं करणारे गृहस्थ मराठी घरातले, भोरचे. गणेश देवी बडोद्याला इंग्रजी शिकवत होते. ती नोकरी सोडून त्यांनी भाषा संशोधन केंद्र काढलं आणि छोटा उदेपूर भागातल्या तेजगढला आदिवासी अकादमी उभी केली. तिथल्या संग्रहालयाचं नाव ‘वाचा’, म्हणजे वाणी. राठवा, भिल्ल अशा समाजांच्या वस्तू तिथं आहेत, पण भर आवाजावर आहे : भाषा, गाणी, कथा. देवी पुढं काही वर्षं धारवाडला येऊन राहिले. म्हणजे हा विचार आमच्या उंबऱ्यापर्यंत येऊन पोचलेला आहे. तो आत घेणं आमच्या हाती.

कारण आमच्या उंबऱ्याच्या आत खूप काही आहे. कोल्हापुरी चप्पल घ्या. तिला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून. दोन राज्यांची दोन चर्मोद्योग महामंडळं त्या नोंदणीत बरोबरीनं आहेत. सीमेवर इतकी वर्षं वाद चाललेला असताना एका चपलेनं दोन सरकारांना एका कागदावर आणलं, याचं मला मनापासून अप्रूप आहे. आणि तरीही २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं तशाच चपला चालवल्या तेव्हा सुरुवातीला कोल्हापूरचं नाव नव्हतं, कर्नाटकातल्या अथणीचं नव्हतं. गदारोळ झाल्यावर कंपनीनं या चपलांची प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचं मान्य केलं. त्या वेळी आमच्याकडं सगळे रागावले, ते बरोबरच होतं. पण आपल्याच एखाद्या संग्रहालयात शंभर वर्षांपूर्वीचा कोल्हापुरी जोड असेल तर त्याच्या पाटीवर चांभाराचं नाव आहे का, हेही एकदा जाऊन पाहावं.

घोंगडं घ्या. पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते आणि त्याच गावात घोंगडी विणणारे सणगर. दख्खनी मेंढीची लोकर, चिंचोक्याची खळ, खड्ड्यातला माग. मेंढ्या राखणारा धनगर, विणणारा सणगर आणि घोंगड्यावर बसणारा देव अशी ही साखळी आहे. यातलं एक निसटलं की बाकीच्यांना अर्थ उरत नाही. गुंथर-डिट्झ सोंथायमर हा हायडेलबर्गचा जर्मन पंडित मराठी शिकला, धनगरांबरोबर हिंडला, त्यांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या आणि बिरोबा, म्हसकोबा, खंडोबा यांच्यावर १९७६ मध्ये ग्रंथ लिहिला. १९९२ मध्ये तो वारला. त्याच्या संग्रहातली दोन दीर्घ कथनं अॅन फेल्डहाऊस यांनी मराठी सहकाऱ्यांबरोबर २०१४ मध्ये प्रसिद्ध केली. ओवी गाणाऱ्यांचे आवाज त्यामुळं टिकले. मी त्याला क्युरेटरच म्हणतो. त्यानं वस्तू नेल्या नाहीत, आवाज जपले आणि गाणारा कोण, कुठल्या गावचा, हे लिहून ठेवलं.

आणि बाहुल्या. इथं मला वाचकांना थोडं दक्षिणेकडं न्यायचंय. कर्नाटकात चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करणारे किळ्ळेक्यात किंवा शिळ्ळेक्यात लोक घरात मराठीची एक बोली बोलतात. आंध्रात हा खेळ करणाऱ्यांतही मराठी घरं आहेत. तमिळनाडूत पडद्यामागं बसून तमिळ रामायण सांगणारी मंडळी घरी आल्यावर मराठीत बोलतात. पिंगुळीच्या ठाकरांकडं चामड्याच्या बाहुल्या आहेतच. म्हणजे कोकणापासून पार कन्याकुमारीपर्यंत, दिवा आणि पडदा यांच्यामागं बसलेला माणूस कन्नड, तेलुगू, तमिळ बोलतो आणि घरात मराठी. कथा दाखवून सांगण्याची ही रीत जुनी आहे. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वरानं बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ लिहिला. चित्रं दाखवून कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख त्यात येतो आणि मराठी पदंही त्यात आहेत. राजधानी आजच्या कर्नाटकात, ग्रंथ संस्कृतात, पदं मराठी. १९५६ च्या नोव्हेंबरात आखलेल्या रेषेनं ही परंपरा दोन सरकारांच्या खात्यांत वाटली गेली, इतकंच.

त्या वाटणीचा तोटा मात्र खरा आहे. लोककलेचं सगळं सरकारी काम राज्याच्या हिशोबानं चालतं. कर्नाटकात एच. एल. नागेगौडांनी रामनगरजवळ जानपद लोक उभारलं; शिग्गावजवळ गोटगोडीला लोककलेचं विद्यापीठ आहे. महाराष्ट्रात पुण्याला आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं संग्रहालय आहे. जुन्नरच्या डोंगरातल्या महादेव कोळी समाजातून आलेले डॉ. गोविंद गारे त्या संस्थेचे संचालक होते आणि आदिवासींच्या जीवनावर त्यांनी विपुल लिहिलं. या सगळ्या चांगल्या संस्था. पण कुर्लीची भाकणूक मराठीत, गाव कर्नाटकात, भक्त दोन्हीकडचे. एका राज्याच्या दृष्टीनं भाषा परकी, दुसऱ्याच्या दृष्टीनं गाव परकं. सीमेवरच्या कलेला दोन वारस असूनही ती बेवारस राहते, हे आम्ही इथं डोळ्यांनी पाहतो.

कोगनोळीच्या नाक्यावरून कोल्हापूरच्या दिशेनं थोडं गेलं की कणेरी मठ येतो. सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय पाहायला शाळांच्या सहली येतात. बारा बलुतेदार, अठरा अलुतेदार, बाजार, मोट, मळणी, सगळं माणसाच्या आकाराच्या पुतळ्यांतून उभं केलंय. मुलं हरखून जातात. कासरा, मोट, जातं ही नावं तिथं त्यांच्या तोंडी येतात. ज्यांनी ते घडवलं त्यांची मेहनत थोर आहे. तिथं गेल्यावर मला एकच हवंसं वाटतं : त्या कुंभाराच्या पुतळ्याशेजारी महिन्यातून एक दिवस जिवंत कुंभार बसावा, त्याचं चाक फिरावं आणि पोरांनी त्याला प्रश्न विचारावेत. त्याला त्या दिवसाचं मानधन मिळावं, नाव फलकावर यावं. पिंगुळीत जे घडलं त्यातला मुख्य भाग हाच आहे आणि तो उचलायला फार पैसा लागत नाही.

वस्तूऐवजी माणसाला पुढं आणणं सावंतवाडीतही घडलं होतं. गंजिफा रंगवणारे शेवटचे म्हातारे हात उरले होते. तिथल्या राजघराण्यातले शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कलावंताला राजवाड्यात बोलावलं, स्वतः शिकले आणि इतरांना शिकवलं. राणी शिष्या झाली, म्हणून ती कला आज पत्त्यांच्या रूपानं विकत मिळते. एक म्हातारा हात योग्य वेळी सापडणं किती महत्त्वाचं असतं! चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करणाऱ्या, कोप्पळ जिल्ह्यातल्या मोरनाळच्या भीमव्वा दोड्डबाळप्पा शिळ्ळेक्यातर यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा त्यांचं वय ९६ होतं. शहाण्णव वर्षं वाट पाहण्याइतकं आयुष्य सगळ्यांना मिळत नाही.

म्हणून कोगनोळी, कुर्ली, आप्पाचीवाडी, हंचिनाळ, निपाणी या टापूत जी मुलं आज बी.ए. करतायत, त्यांच्यातल्या दोघा-तिघांनी हे काम करिअर म्हणून घ्यावं, असं मला कळकळीनं वाटतं. बडोद्याला किंवा मुंबईला जाऊन संग्रहालयशास्त्र शिकावं. ते शिक्षण हवंच, कारण ओलीचं, वाळवीचं, नोंदीचं शास्त्र मनानं येत नाही. पण परत यावं. मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारा क्युरेटर दिल्लीतही सापडणार नाही. इथं दोन्ही भाषा बोलणारी माणसं घरोघरी आहेत. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय २०१५ पासून बसमध्ये फिरतं संग्रहालय चालवतं. तशी एक गाडी या सीमेवर, दोन्ही बाजूंच्या शाळांतून फिरली तर इमारतीवाचून काम सुरू होईल.

आणि इमारतीच्या आधी वही. मोबाइलवर आवाज घेता येतो, फोटो काढता येतो, त्यामुळं सुरुवात याच वर्षी करता येईल. यात्रेआधी ढोल मढवणाऱ्याकडं जावं. कातडं कुठून आणलं, कडं कुणी केलं, ढोल कुणी दिला, आधी कोण वाजवायचं, घरातल्या बायका त्यात काय करतात, हे सगळं त्याच्याच शब्दांत उतरवावं. लिहिलेलं वाचून दाखवावं. चुकलं असेल तर त्याच्याकडून दुरुस्त करून घ्यावं. छापायचं, दाखवायचं, बाहेर पाठवायचं असेल तर त्याची परवानगी घ्यावी आणि एक प्रत त्याच्या घरात ठेवावी. देवळातली जी गोष्ट दाखवायची नाही असं पुजारी सांगतील, ती वहीत ‘दाखवायची नाही’ एवढ्याच नोंदीसह राहू द्यावी. दाखल क्रमांक एकपासून सुरू करावा. त्याच्या शेजारच्या रकान्यात वस्तूचं नाव येईल; पण त्याआधीचा रकाना माणसाचा असावा : नाव, आईचं नाव, गाव, कुणाकडून शिकला, कुणाला शिकवलं.